शालेय नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात 'सामाजिक कृती' शिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातलं एक महाविद्यालय शालेय नेतृत्व व व्यवस्थापनाची पदविका चालवतं. वर्गात ३० जण: निम्मे सेवेतले शिक्षक आणि प्रभारी मुख्याध्यापक, निम्मे नुकतेच बी.एड. झालेले. अभ्यासक्रमात 'सामाजिक कृती व समुदाय सहभाग' हा सहा श्रेयांकांचा भाग आहे. दरवर्षी अहवाल येतात ते प्रभातफेरी, वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम आणि पालक मेळाव्याचे, फोटोंसह. यातून नेतृत्व शिकवलं जातंय का, नसेल तर काय बदलायचं, आणि गुण कशावर द्यायचे?

प्रभातफेरीत दोष एकच आहे: तिला कुणी नाही म्हणत नाही. सरपंच हार घालतो, मुलं घोषणा देतात, तासाभरात सगळे घरी. विद्यार्थ्याला कुणाचं मन वळवावं लागलं नाही, कुणाचा नकार पचवावा लागला नाही, आपला मूळ अंदाज चुकला म्हणून बेत बदलावा लागला नाही. नेतृत्व शिकायचं तर निर्णय दुसऱ्याच्या हातात हवा, आणि त्या दुसऱ्याकडे नाही म्हणायला खरंखुरं कारण हवं. विषय निवडताना एवढी एकच चाळणी लावली तरी निम्मे प्रकल्प आपोआप गळतात.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५०च्या वर असेल तर. उच्च प्राथमिकला १००च्या वर. वाडी-तांड्यावरच्या ४०-६० पटाच्या शाळेत दोन शिक्षक, आणि त्यांतला एक 'प्रभारी'. त्याच्या हातात शिक्का आहे, अधिकार नाही. सहकाऱ्याची रजा तो धड अडवू शकत नाही, आणि गावाने ठरवल्याशिवाय शाळेच्या कुंपणाला तारही लागत नाही. म्हणजे तुमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना रोजच्या कामात लागणारं नेतृत्व हे बिनअधिकाराचंच आहे. पुस्तकातले नेतृत्वाचे प्रकार त्यांना पाठ असतात. परिवर्तनवादी नेतृत्वावर ते दोन पानं सहज लिहितील. ग्रामसभेत विषय घ्यायला अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे मात्र विचारून बघा.

विषय गावातून येऊ द्या, पण पहिल्या वर्षी मोकळं सोडू नका. पट्टा ऊसतोडीचा आहे तर सगळ्या गटांना एकच विषय द्या: हंगामात आईबापाबरोबर कारखान्यावर जाणारी मुलं गावात कशी राहतील, किंवा गेलीच तर तिथे शाळेत कशी बसतील. एकच विषय असला की सहा गटांचे अनुभव एकमेकांशी ताडून बघता येतात. एका गावात चाललेली गोष्ट दुसऱ्यात का आपटली, ही चर्चा वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते.

रचना अशी ठेवा. दोन श्रेयांक वर्गातले, म्हणजे ३० तास. चार श्रेयांक क्षेत्रकार्याचे, म्हणजे १२० तास. पाच जणांचा गट, सहा गट, सहा गावं, सगळी महाविद्यालयापासून २५ किलोमीटरच्या आत. त्याहून लांब गेलात की भेटी फक्त सुटीच्या दिवशी होतात आणि काम कागदावर येतं. दहा विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक, आणि त्याने प्रत्येक गावात किमान तीनदा स्वतः जायचं: सर्वेक्षणाच्या वेळी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आणि शेवटी. प्रत्येक गटात एक तरी बाई हवी. नाहीतर अर्ध्या घरांत बोलणं उंबऱ्याबाहेरच संपतं.

सेवेतल्या शिक्षकांना त्यांच्या स्वतःच्या शाळेत काम देऊ नका. सोयीचं असतं हे खरं, पण तिथे ते 'गुरुजी' असतात. पालक त्यांना तोंडावर खरं सांगत नाहीत, आणि त्यांनाही गावाबद्दल सगळं माहीत असल्याचा भास असतो. जोड्या लावा: या शाळेचा शिक्षक त्या गावात, त्या शाळेचा या गावात. सेमिस्टर संपलं की स्वतःच्या शाळेत काय करणार, याचं एक पान लिहून घ्या. यावर दरवर्षी कुरकुर होईल. होऊ द्या.

आता वेळापत्रक, कारण बहुतेक महाविद्यालयं इथेच घसरतात. क्षेत्रकार्य सोयीने डिसेंबर-जानेवारीत ठेवलं जातं. तोवर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जाऊन दोन महिने झालेले असतात आणि विद्यार्थी कुलूपबंद घरांचे फोटो काढून आणतात. मुकादमाकडून (टोळीसाठी मजूर जमवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच हातात पडते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे घेतले की जाणं ठरलं. पोरं बरोबर न्यायची की ठेवायची, हा निर्णय मात्र दसऱ्यापर्यंत लोंबकळत असतो. तुमचं काम त्या फटीत बसवायचं आहे. जुलैमध्ये वर्गातली तयारी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वेक्षण, महिन्याअखेर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, सप्टेंबरात हंगामी वसतिगृहाचा (हंगामात मागे राहणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाच्या सोयीचा) प्रस्ताव, २ ऑक्टोबरची ग्रामसभा. मग टोळ्या निघतात. नोव्हेंबर ते मार्च, दर महिन्याला दोन फेऱ्या. कारखाने बंद होऊन लोक परतले की शेवटची मोजणी. सहा महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये हे बसत नाही, म्हणून हा भाग दोन सेमिस्टरमध्ये तीन-तीन श्रेयांकांचा करून घ्या. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे तेवढाच एक बदल मागायचा आहे.

सर्वेक्षणाची सुरुवात हजेरीपत्रकावरून करू नका. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. शिक्षकांची पदं त्यावर ठरतात. त्यानंतर मुलं गेली तरी पदांना धक्का लागत नाही, त्यामुळे कुणाला फारशी घाई नसते, आणि गैरहजेरी नेमकी लिहिण्यातही उत्साह नसतो. यात कुणाला चोर ठरवायचं कारण नाही. व्यवस्थेने दिलेलं बक्षीस आणि शिक्षा कुठे आहे ते विद्यार्थ्याला दिसलं पाहिजे, एवढंच. आकडा काढायचा तर गेल्या जानेवारीत शाळेत रोज किती ताटं वाढली जात होती, ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा. मग घरोघर जा.

घरटी एक ओळ, एवढीच नोंद ठेवा: ३ ते १४ वयाची मुलं किती, गेल्या हंगामात कोण गेलं, कोणत्या महिन्यात गेलं आणि आलं, टोळी बैलगाडीची की ट्रॅक्टरची, कारखाना कुठला, गावात मागे कोण राहतं, सगळ्यात धाकटं मूल किती महिन्यांचं. जात, उचलीची रक्कम, कर्ज हे रकाने ठेवूच नका. त्याचा तुम्हाला उपयोग नाही आणि तो कागद कुणाच्या हाती लागला तर त्या घराला त्रास आहे.

टोळीचा प्रकार का विचारायचा, हे विद्यार्थ्याला आधी समजावून सांगा. बैलगाडीवाले साधारणपणे कारखान्याच्या आसपास एका जागी कोप्या (झोपड्या) टाकून हंगाम काढतात. त्यांची मुलं तिथल्या जवळच्या शाळेत बसू शकतात. तिथे शिक्षण हमी पत्रक (तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यावं म्हणून गावच्या शाळेने दिलेला कागद) उपयोगी पडतं. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या फडामागे फड (उसाची शेतं) फिरतात, आठ-पंधरा दिवसांनी मुक्काम हलतो. त्यांच्या हातात हमी पत्रक देणं म्हणजे कागद देणं. आणि कारखाना कर्नाटकात असेल तर शाळा कन्नड माध्यमाची. तिथे पत्रक असून मूल काय करणार? अशा घरांतल्या मुलांसाठी गावात राहण्याचीच सोय बघावी लागते. हा फरक न करता 'सर्व स्थलांतरित बालकांना हमी पत्रकांचे वाटप' असं लिहिणारा अहवाल आला तर परत पाठवा.

घरभेट ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट. दोघांनी जायचं, पाचांनी नाही. पाच जण दारात आले की घराला तपासणी आल्यासारखं वाटतं. वेळ संध्याकाळी सातनंतरची किंवा बाजाराच्या दिवशीची. दुपारी घरात फक्त म्हातारी माणसं भेटतात. पहिल्या भेटीत फॉर्म पिशवीत ठेवायचा आणि नोंद बाहेर पडल्यावर करायची. आणि 'शिक्षणाचं महत्त्व' सांगायचं नाही. ते त्यांना ठाऊक आहे; कोयता हातात असलेल्या माणसाला ते तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

वर्गात याचा सराव करून घ्या. एकीला आजी करा, एकाला बाप, दोघे भेटीला आलेले. पहिल्या फेरीत हमखास असं होतं:

"आजी, नातवंडांना शाळा बुडवून का पाठवता? त्यांचं नुकसान होतं."

आजी म्हणते, "मी कुटं पाटवते बाबा, त्येंचे मायबाप नेत्यात." संपलं बोलणं. दुसऱ्या फेरीत हेच असं विचारायला लावा: "आजी, मागल्या साली पोरं गेली तेव्हा तुम्ही घरी एकट्याच होता? रात्री सोबतीला कोण होतं?" आता आजी सांगायला लागते: गुडघे दुखतात, पाणी लांबून आणावं लागतं, दोघांपुरतं रांधणं होतं, चौघांचं होत नाही, आणि मोठी नात वयात आलीय, तिची जोखीम कोण घेईल. या चार वाक्यांत प्रकल्पाचा सगळा आराखडा आहे. तीन फेऱ्या, प्रत्येकी दहा मिनिटं, आणि मग पाहणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगायचं की कुठल्या प्रश्नावर माणूस बोलायला लागलं आणि कुठल्यावर गप्प झालं.

सर्वेक्षणानंतर आकडा फोडायला शिकवा. समजा ६४ पटाच्या शाळेतली २३ मुलं गेल्या हंगामात गेली. '२३ मुलांचं स्थलांतर' हा प्रश्न कुणाच्याच हातचा नाही. फोडल्यावर दिसतं: ९ मुलांच्या घरी मागे कुणीच राहत नाही, ६ मुली फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायला गेल्या, ५ मोठी मुलं १२-१४ वर्षांची, ती कामालाच लागलीत, आणि ३ मुलांची आजी-आजोबा गावात आहेत, पण त्यांना रांधून घालणं होत नाही. आता प्रत्येक आकड्याला वेगळं दार आहे. त्या तिघांना दोन वेळचं जेवण मिळालं की ती उद्यापासून राहतात. नवांसाठी रात्रीची खात्रीची जागा लागेल. सहा मुलींचा प्रश्न शाळेचा नाहीच, तो दोन वर्षांच्या लेकराचा आहे. अंगणवाडी सेविकेला आणि त्या मुलींच्या मावशी-आत्यांना बोलवल्याशिवाय तो सुटणार नाही. आणि पाच मुलांबद्दल कदाचित यंदा काही होणार नाही, हेही लिहावं लागेल. वर्गातल्या हुशार विद्यार्थ्याला हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जड जातं.

(इथे इतिहासातलं एक उदाहरण द्यायला हरकत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल का येत नाही याचं कारण शोधायचं आणि शाळेची जागा किंवा वेळ बदलायची, ही रीत इथे जुनी आहे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरे एका तासिकेत शिकवा, पण आधी कोसबाड.)

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीवर वर्गातले निदान सहा तास घाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. राज्याच्या नियमांत समिती १२ ते १६ जणांची, सदस्य सचिव म्हणजे मुख्याध्यापक सोडून, अध्यक्ष पालकांतून, बैठक महिन्यातून एकदा. सोळांची समिती असेल तर १२ पालक आणि ८ महिला. हे सगळं कागदावर बहुतेक शाळांत बरोबर असतं. प्रत्यक्षात काय होतं? बैठक सकाळी अकराला ठेवली जाते, मजुरीवर जाणारी बाई खाडा करून येत नाही, मग दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. किंवा बाईच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो. आणि ज्या घरांची मुलं खरोखर जातात, त्या घरांतलं समितीत कुणीच नसतं, कारण समिती बनली तेव्हा ती माणसं कारखान्यावर होती.

गटाने बैठकीआधी तीन गोष्टी कराव्यात. एक, वेळ संध्याकाळची घ्यायला मुख्याध्यापकांना राजी करणं. हीच पहिली खरी परीक्षा, कारण मुख्याध्यापक तालुक्याहून ये-जा करत असतील तर त्यांची शेवटची एसटी जाते. मग मुक्कामाची किंवा दुचाकीवर सोडण्याची सोय कोण करणार? त्याचं उत्तर गटाने आणायचं. दोन, जाणाऱ्या घरांतल्या किमान चार बायकांना आणि दोन आज्यांना निमंत्रित म्हणून बोलावणं. त्या सदस्य नसल्या तरी बोलू शकतात. तीन, विषयपत्रिका तीनपेक्षा जास्त विषयांची होऊ न देणं. दहा विषयांच्या बैठकीत गणवेश आणि रंगरंगोटीतच नऊ वाजतात.

बसायची व्यवस्थाही बघा. खुर्च्यांवर पुरुष आणि सतरंजीवर बायका, अशी बैठक असेल तर निर्णय कुणी केला हे आधीच ठरलेलं आहे. सगळे सतरंजीवर. आकडा फळ्यावर लिहायचा, पण नावं वाचायची नाहीत. 'अमक्याची पोरं दरवर्षी जातात' हे चारचौघांत निघालं की ते घर परत बैठकीला येत नाही. विद्यार्थ्यांनी बैठकीत बोलायचंच नाही, हा नियम मी सुचवेन. आकडा अध्यक्षांनी मांडायचा. त्यासाठी आदल्या दिवशी अध्यक्षांबरोबर तासभर बसावं लागतं, आणि तो तास हेच नेतृत्वाचं प्रात्यक्षिक आहे. अध्यक्षांना लिहिता-वाचता येत नसेल तर आकडे चित्राने किंवा खड्यांनी मांडा. २३ खडे चार ढिगांत.

इतिवृत्त तिथेच, सगळ्यांसमोर लिहून वाचून दाखवायचं. 'सविस्तर चर्चा करण्यात आली व सर्वानुमते मंजूर' या वाक्यावर तुमच्या अभ्यासक्रमात बंदी घाला. ठराव असा हवा: काय करायचं, कुणी करायचं, कुठल्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ: 'स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी अध्यक्ष व दोन महिला सदस्य ५ सप्टेंबरपर्यंत घरभेटीने अंतिम करतील, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मुख्याध्यापक ८ सप्टेंबरपर्यंत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देतील व पोच समितीस दाखवतील.' शेवटची 'पोच' महत्त्वाची.

हंगामी वसतिगृहाबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो. वसतिगृह म्हटलं की त्यांना इमारत आणि खाटा दिसतात. बऱ्याच गावांत मुलं रात्री आजीकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात आणि शाळेत दोन वेळचं जेवतात. व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडे, निधी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून, मुदत हंगामापुरती, साधारण सहा महिने. बिघडतं ते दोन ठिकाणी. मंजुरी दिवाळीनंतर आली तर तोवर पोरं गेलेली असतात. म्हणून मधल्या तीन-चार आठवड्यांचं जेवण गाव कसं निभावणार, हे आधी ठरवून ठेवावं लागतं: धान्य कुणाकडून, रांधणार कोण, हिशेब कोण लिहिणार. वीस मुलं, दोन वेळ, पंचवीस दिवस म्हणजे हजार ताटं. या भाषेत मांडलं की गाव हिशेब करू लागतं, 'सहकार्य करा' म्हटलं की मान डोलावतं. दुसरा बिघाड यादीत. न जाणाऱ्या घरांची मुलं यादीत घुसतात, कारण नाव घातल्याने कुणाचंच काही जात नाही असं वाटतं. मग तपासणी येते आणि खऱ्या मुलांचं जेवणही थांबतं. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा मोह होईल, लावू नका. समितीतल्या दोन बायकांनी आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळी येऊन ताटं मोजावीत आणि वहीत सही करावी. सोपं आहे, आणि चालतं.

ग्रामसभेचं तंत्र वेगळं. वर्षात किमान चार, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) समितीच्या ठरावाची प्रत जोडून लेखी अर्ज आधीच द्यायचा आणि पोच घ्यायची. 'आयत्या वेळचे विषय' यावर भिस्त ठेवू नका. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ४०० मतदारांच्या गावात साठ माणसं हवीत, आणि शेतीच्या हंगामात ती जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण मूळ पत्रिकेवरचेच विषय घेता येतात, म्हणून आपला विषय पहिल्याच पत्रिकेवर असणं आलं. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायची असते. आज्या आणि मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा तिथे मांडून घ्या, तो ठराव ग्रामसभेत वाचायला लावा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. लहान गावात ती रक्कम फार नसते, पण गॅस आणि भाजीपाल्यापुरती होऊ शकते. किती आहे ते ग्रामपंचायतीकडून आधी लेखी घ्या. भाषणात मोघम निधी मागणाऱ्याला सरपंच मोघम आश्वासन देतो.

मुकादमाशी काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी निघतो. त्याला खलनायक करून वर्गात टाळ्या मिळतात, गावात दार बंद होतं. तो त्याच गावचा, बहुधा कुणाचा तरी भावकीतला असतो. त्याचा हिशेब साधा आहे: आई फडावर कोयता चालवेल तर तिच्या लेकराला कुणीतरी सांभाळायला हवं. गावात मुलांची खात्रीची सोय झाली तर टोळीचं काम खोळंबत नाही, हे त्याला समितीच्या अध्यक्षांनी सांगावं, विद्यार्थ्यांनी नाही. मजुरी, उचल, हिशेब यांत गटाने पडू नये. ते प्रश्न खरे आहेत, फार मोठे आहेत, पण सेमिस्टर संपल्यावर तुमचे विद्यार्थी निघून जाणार आणि मजूर तिथेच राहणार. त्याच कारणाने कुठलंही आश्वासन द्यायचं नाही. 'प्रयत्न करू' हेसुद्धा गावात 'होईल' असंच ऐकलं जातं. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो नकोत. भेटीत मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर गटाने चौकशी करत बसू नये. त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगावं आणि पोलिसांना कळवावं. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) ते कळवणं बंधनकारक आहे.

रोजनिशी हे गुण देण्याचं मुख्य साधन करा. आठवड्याला एक पान, हाताने. चार प्रश्न: कुणाकडे काय मागितलं, त्यांनी काय म्हटलं, त्यामुळे मी काय बदललं, पुढच्या आठवड्यात कुणाला भेटणार. कच्ची नोंद ओळखायला शिका: 'आज समुदायाशी संवाद साधून जनजागृती केली. ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.' यात एकही माणूस नाही. चांगली नोंद अशी दिसते: 'अध्यक्षांनी बैठक पुढे ढकलली, तिसऱ्यांदा. कारण विचारलं तर सांगेनात. शेजारच्या काकींकडून कळलं की गेल्या वर्षीचा जेवणाचा हिशेब कुणी वाचून दाखवला नाही, म्हणून लोक त्यांच्यावर नाराज आहेत आणि ते बैठकीला घाबरतात. आम्ही बैठकीसाठी मागे लागायचं थांबवलं. शनिवारी जुन्या हिशेबाची वही घेऊन त्यांच्याबरोबर बसणार.' या पाच ओळींत निदान आहे, माघार आहे आणि पुढचं पाऊल आहे.

गुणांची वाटणी १००ची सुचवतो: रोजनिशी ३०, आकड्याची फोड आणि प्रश्नाची मांडणी २०, बैठकीची तयारी व इतिवृत्त २०, गावात घेतलेली तोंडी परीक्षा २०, परतीची मोजणी १०. यशाला वेगळे गुण नाहीत. एकही मूल थांबलं नाही पण का थांबलं नाही हे नेमकं सांगणारा गट ८५ मिळवू शकतो. यशाला गुण ठेवले की आकडे फुगतात, हे शिक्षण खात्यात काम केलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. अहवाल १२ पानांपेक्षा मोठा नको, फोटो जास्तीत जास्त दोन. तोंडी परीक्षा शाळेच्या व्हरांड्यात घ्या, समितीचे अध्यक्ष आणि एक आई समोर बसलेली असू द्या. त्यांनी गुण द्यायचे नाहीत, पण विद्यार्थी बोलत असताना त्यांचा चेहरा बघा. 'आम्ही गावाला पटवून दिलं' असं म्हणताना त्या आईने पदर तोंडाला लावला, तर पुढचा प्रश्न तिलाच विचारा.

गटातल्या गटात काम कसं वाटलं जातं, यावरही लक्ष ठेवा. बी.एड. झालेली मुलं टंकलेखन करतात, अनुभवी शिक्षक बोलतात, आणि बायका घरभेटींना पाठवल्या जातात. दर तीन आठवड्यांनी भूमिका सक्तीने बदला. सेवेतल्या माणसाने महिनाभर फक्त नोंदी घेतल्या, एकही सूचना न करता, तर त्याला ते शिक्षेसारखं वाटतं आणि नेमकं त्याचंच शिक्षण होतं.

शहरातल्या महाविद्यालयाला हाच साचा बांधकामावरच्या किंवा वीटभट्टीवरच्या मुलांसाठी चालेल; तिथे समितीच्या जागी ठेकेदार, नगरसेवक आणि वस्तीतली महिला मंडळं येतात, आणि मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ जास्त कामाला येतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवला तर कलम ५ दाखवायचं: दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

राहिली हस्तांतराची वही. गट जाताना शाळेला अहवाल देतो, तो कपाटात जातो. त्याऐवजी दोनशे पानी एक वही समितीच्या अध्यक्षांच्या घरी ठेवा: घरटी ओळ, फोन कुणाला करायचा, प्रस्तावाची पोच चिकटवलेली, ताटांच्या मोजणीची पानं, आणि शेवटी पुढच्या वर्षाच्या चार तारखा. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की गटाने एक संध्याकाळ गावात जायचं आणि त्याच वहीत ऑगस्टच्या २३ नावांपुढे लिहायचं: राहिलं, गेलं, गेलं पण तिथे शाळेत बसलं, मधूनच परत आलं. मधूनच परत आलेल्यांच्या घरी आधी जा; का आलं हे विचारा. शेवटचे १० गुण त्या पानावर द्यायचे आहेत, आणि तोवर निकाल राखून ठेवायला परीक्षा विभागाला जुलैमध्येच सांगून ठेवा.